अ‍ॅस्परॅगसलाही डाळिंबासारखा ताण द्या

ताई, नमस्कार. मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. जुळे सोलापुरात राहते. यंदा मे महिन्यात मुलाकडे जर्मनीला गेले होते. तिथे ज्याच्या त्याच्या ताटात पांढरं अ‍ॅस्परॅगस, म्हणजे कोवळ्या कोंबांची एक भाजी. मला फार आवडलं, म्हणून येताना बियांचं पाकीट आणलं. वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी २० बिया पिशव्यांत लावल्या. १३ उगवल्या, बडीशेपेच्या रोपासारख्या बारीक काड्या. सप्टेंबरच्या पावसात ५ कुजल्या. आता ८ राहिल्यात, वीतभर उंचीच्या. शेजारचे म्हणतात, ही आपली शतावरीच, एवढं कशाला जपताय? भाची म्हणते, याला बर्फाची थंडी लागते, मुळं काढून महिनाभर फ्रीजमध्ये ठेवावी लागतात. आमच्याकडे कंपाउंडला लागून १० बाय ४ फुटांची काळ्या मातीची पट्टी आहे, वर गच्ची आहे. नळ चार-पाच दिवसांआड, बाकी सगळं बोअरवर. ही रोपं पुढचा उन्हाळा काढतील का? आणि खायला कधी मिळेल? वय ६३ आहे, म्हणून विचारते.
एक वाचक, जुळे सोलापूर

नमस्कार बाई,

(शिक्षिका म्हटल्यावर ‘काकू’ लिहायला हात धजत नाही, म्हणून बाईच म्हणते.)

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. आत्ता दसऱ्याच्या सुमारास रोपं कायमच्या जागी लावलीत, तर येत्या फेब्रुवारीत काही मिळणार नाही. त्याच्या पुढच्या फेब्रुवारीत चाखण्यापुरते कोंब मिळतील आणि त्याच्याही पुढच्या वर्षी घरच्यांना पुरेल एवढी भाजी. म्हणजे ६४ व्या वर्षी चव आणि ६५ व्या वर्षी ताट. ज्यांनी नारळ लावलेत त्यांच्या मानाने तुम्ही लवकर सुटलात.

आता फ्रीज. तो भाजीसाठीच राहू द्या. भाची अगदीच खोटं बोलत नाहीये, पण अर्धंच ऐकलंय तिने. या झाडाचा सगळा कारभार जमिनीखाली चालतो. वरची हिरवी झालर उन्हात साखर तयार करते आणि ती खाली बोटाएवढ्या जाड, मांसल मुळांत साठत जाते. आपण जो कोंब खातो तो या साठ्यावर उठतो. थंड देशात हिवाळा आला की वरचा पाला वाळतो, झाड झोपतं, साठा जागच्या जागी राहतो, आणि वसंतात माती तापली की एकदम जाडजूड कोंब वर येतात. झाडाला हवी असते ती ही झोप. जर्मनीत ती थंडीमुळे लागते एवढंच. पेरू देशाच्या किनाऱ्यावर वाळवंट आहे, तिथे बर्फ पडत नाही, आणि तरी तो देश जगातल्या मोठ्या अ‍ॅस्परॅगस निर्यातदारांपैकी एक आहे. तिथले शेतकरी काय करतात? ठिबकचं पाणी तोडतात. पाला पिवळा पडला की कापतात, पुन्हा पाणी सोडतात, कोंब येतात.

हे वाचून सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला काय आठवावं? डाळिंब! मृग बहार, हस्त बहार, आंबे बहार, फुलोऱ्याचा जो हंगाम धरायचा असेल त्याच्या आधी बाग ताणावर सोडायची, म्हणजे पाणी तोडायचं, पानगळ होऊ द्यायची, मग पाणी. माझ्या मामांची सांगोल्याकडे बाग होती. लहानपणी सुट्टीत गेले की मला वाटायचं, मामा झाडांवर रागावलेत. विहिरीत पाणी दिसतंय आणि हे देत नाहीत. एकदा मी गुपचूप दोन कळश्या पाणी एका झाडाला घातलं. त्या ओळीत ते एकटंच झाड हिरवंगार राहिलं आणि कळी मात्र त्यालाच सगळ्यात कमी. मामा काही बोलले नाहीत, फक्त मला त्या झाडापाशी नेऊन उभं केलं. अ‍ॅस्परॅगस आणि डाळिंबाचं काही नातं नाही, पण पाणी तोडून झाडाला विश्रांती देण्याची ही युक्ती दोघांनाही लागू पडते. तेव्हा फ्रीजच्या भानगडीत न पडता आपल्याकडचाच धडा गिरवायचा.

पण हे सगळं पुढच्या वर्षी. यंदाच्या थंडीत या वीतभर रोपांना ताण देऊ नका. त्यांच्या मुळांत अजून साठा म्हणावा असा काही नाही. यंदा नुसतं खाऊ-पिऊ घाला.

शेजारच्यांच्या शंकेला थोडा आधार आहे, कारण तिन्ही मंडळी एकाच कुळातली. आपली शतावरी म्हणजे अ‍ॅस्परॅगस रेसिमोसस. ती वेल, अंगावर काटे, खाली कंदमुळांचा झुबका. दुसरं, हार-गुच्छवाले पानांत घालतात ते बारीक जाळीदार हिरवं, नर्सरीत त्यालाही ‘अ‍ॅस्परॅगस’च म्हणतात; त्याची पानं पंख्यासारखी आडवी, सपाट पसरतात. आणि तिसरं तुमचं, अ‍ॅस्परॅगस ऑफिसिनॅलिस. याला काटा नसतो आणि झालर सगळ्या बाजूंनी मऊ, शेपूसारखी फुगते. पाकिटातलं बी असल्यामुळे तुमच्याबाबत मला फारशी शंका नाही, तरी एकदा देठावरून बोट फिरवून बघा. मी स्वतः फसलेय. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून चांगले पैसे मोजून ‘अ‍ॅस्परॅगसची मुळं’ मागवली, दोन वर्षं सांभाळली, आणि शेवटी काय, तर आख्ख्या गल्लीच्या लग्नांतल्या गुच्छांना पुरेल एवढी जाळी! एक कोंब चावून पाहिला तर सुतळी.

शतावरीला मात्र नावं ठेवू नका. पावसाळ्यात तिचे कोवळे कोंब रानभाजी म्हणून सह्याद्रीत खातात, किंचित कडवट लागतात. एखादी वेल कंपाउंडच्या कोपऱ्यात सोडून द्यायला माझी शिफारसच आहे. मुळांचं औषध मात्र वैद्यांना विचारल्याशिवाय घरी करू नका.

आता तुमची काळ्या मातीची पट्टी. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझं सगळ्यात मोठं नुकसान इथेच झालंय. अ‍ॅस्परॅगस ऊन सोसतं. मे महिन्यातल्या ४२-४३ अंशांतही मूळ धरलेलं झाड जगतं. त्याला साचलेलं पाणी अजिबात सोसत नाही. आणि आपल्याकडे पावसाचा खरा जोर सप्टेंबरात. उत्तरा-हस्ताचा पाऊस एकदा बसला की काळी माती आठ-आठ दिवस चिखल धरून बसते. माझी पहिली १२ रोपं अशाच मातीत होती. दीड वर्षाची, कमरेएवढी, बघत राहावं अशी. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एकाची झालर पिवळी पडली. मला वाटलं, खत कमी पडलं. धरून ओढलं तर देठ अलगद हातात आला. खाली खणलं तर मुळं बाहेरून तपकिरी, आतून पोकळ; चिमटीत दाबली की साल राहते आणि लालसर पाणी येतं. ती फ्युजेरियम नावाची बुरशी. महिन्याभरात १२ पैकी ३ उरली. वाईट हे की ही बुरशी मातीत वर्षानुवर्षं राहते, त्यामुळे त्या जागी पुन्हा अ‍ॅस्परॅगस लावायची सोय उरत नाही. तुमची जी ५ रोपं गेली त्या पिशव्यांतली माती म्हणूनच या वाफ्यात चुकूनही टाकू नका. फुलझाडांना वापरा.

म्हणून वाफा जमिनीत खणायचा नाही, जमिनीवर उभा करायचा. पट्टीतली काळी माती आधी कुदळीने फूटभर सैल करून घ्या. तिच्यावर सिमेंट न लावता विटा रचून दीड फुटाची चौकट करा. फटींतून पाणी निघून जायला हवं. आत तांबडी माती किंवा पोयटा दोन घमेली, बारीक मुरूम एक घमेलं, नीट कुजलेलं शेणखत एक घमेलं, या हिशेबाने भरत जा. निंबोळी पेंड सगळ्या वाफ्याला मिळून किलो-दीड किलो. शेणखत हातात घेतल्यावर गरम लागलं किंवा वास आला तर ते अजून कच्चं आहे, महिनाभर थांबा. गच्चीचं पाणी उतरणारा पाइप या पट्टीत सुटत असेल तर आधी त्याचं तोंड फिरवा. हे एक काम चुकलं तर वरची सगळी मेहनत पाण्यात.

पट्टीला सकाळपासून दुपारपर्यंत सहा तास ऊन आणि नंतर भिंतीची सावली मिळाली तर उत्तमच. पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंतीशी असेल तर संध्याकाळी भिंतच भट्टीसारखी तापते, तिथून दोन फूट तरी अंतर ठेवा.

आठातली सहा रोपं वाफ्यात लावा, दोन रांगांत, दोन-दोन फुटांवर. जवळ लावायचा मोह होईल, कारण आत्ता ती काडीएवढी दिसताहेत. तिसऱ्या वर्षी झालर छातीपर्यंत येते. सहा इंचांची चर काढून रोप तळाशी ठेवा, मुळं बोटांनी हलकी पसरा, दोन इंच माती लोटा आणि रोप वाढेल तशी महिना-दीड महिन्यात चर बुजवत आणा. उरलेली दोन गच्चीवर ठेवा, म्हणजे खाली काही झालं तर बी शिल्लक. त्यांना कुंडी पुरणार नाही. २०० लिटरचा निळा ड्रम आडवा कापला की दोन टोप होतात, एका टोपात एक रोप. तळाला अंगठ्याएवढी आठ-दहा भोकं पाडा आणि ड्रम विटांवर ठेवा. ओली माती भरल्यावर एकेक टोप दीडशे किलोच्या आसपास जातो, तेव्हा गच्चीच्या मधोमध नको, बीमवर किंवा भिंतीच्या कडेला. उन्हाळ्यात निळं प्लास्टिक एवढं तापतं की कडेची मुळं उकडून निघतात, म्हणून बाहेरून गोणपाट गुंडाळा किंवा चुना मारा.

बोअरच्या पाण्याची मात्र काळजी करू नका, आणि हे मला कुणी सांगितलं असतं तर माझं निम्मं टेन्शन वाचलं असतं. भाज्यांमध्ये खारं पाणी सोसणाऱ्यांत अ‍ॅस्परॅगसचा नंबर बराच वर आहे. टोमॅटो-मिरची जिथे पानं करपवून घेते तिथे हे निवांत असतं. युरोपात जुने माळी तण मारायला याच्या वाफ्यात चक्क मीठ टाकायचे. तुम्ही टाकू नका, आपलं बोअर ते काम आपणहून करतंय. माझ्या ड्रमच्या काठावर पांढरा थर धरतो तो नखाने खरवडता येतो. फक्त रोपं कोवळी आहेत तोवर, म्हणजे पहिले दोन-तीन महिने, नळाचं पाणी साठवून द्या.

उन्हाळ्याचं तंत्र फार नाही. वाफ्यावर उसाच्या पाचटाचा चार बोटं जाड थर द्या, आपल्या जिल्ह्यात ते मागाल तेवढं मिळतं. मार्चअखेरपासून दुपारच्या बाजूने निम्मी सावली देणारी शेडनेट बांधा. पाणी रोज शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांआड, पण खोल जाईल असं. ड्रमला मे महिन्यात रोज लागेल. झालरीवर धुळीसारखे ठिपके आणि बारीक जाळी दिसली तर तो लाल कोळी. पहाटे पाण्याचा जोरात फवारा मारून धुऊन काढा, नाहीच हटला तर संध्याकाळी निंबोळी तेल.

आता येते ती पुढच्या वर्षीची मुख्य गोष्ट. डिसेंबरच्या मध्यापासून पाणी तोडत आणा. वाफ्याला पूर्ण बंद केलं तरी चालेल, खाली काळी माती ओल धरून असते. ड्रममधल्यांना मात्र आठवड्याला तांब्याभर द्या, नाहीतर ताण द्यायला जाल आणि मुळंच सुकतील. थंडी आणि कोरड मिळून झालर पिवळी, मग गव्हाळ होईल. होऊ द्या. घरातलं कुणीतरी हमखास कळवळून पाणी घालणार, त्यांना आधीच सांगून ठेवा. (मामांची कळशी आठवा.) संक्रांतीला, गड्ड्याची यात्रा भरते त्या सुमारास, वाळलेला पाला जमिनीलगत कापून टाका, दोन बोटं शेणखत पसरा आणि पाणी सोडा. पहिलं पाणी हलकं, चार दिवसांनी भरपूर. मग दहा-पंधरा दिवसांत एका सकाळी पाचट बाजूला सारून जांभळट टोकं वर आलेली दिसतील. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा दात घासता घासता खाली बसले होते.

कापायचं कधी? कोंब करंगळीएवढा जाड असेल आणि टोक घट्ट मिटलेलं असेल तर पाच-सहा इंचांवरच कापा. पुस्तकातल्या चित्रात आठ-नऊ इंच दाखवतात, ते थंड देशांतलं. आपल्याकडे फेब्रुवारीच्या शेवटी पारा ३५ ला टेकला की टोक बघता बघता फुलतं आणि देठ दोरखंड होतो. सकाळी सोडलेला कोंब संध्याकाळी गेलेला असतो, म्हणून दोन्ही वेळा फेरी मारा. पेन्सिलीपेक्षा बारीक कोंब कापूच नका, ते झाडाचे. पहिल्या वर्षी दोन आठवडे, त्यापुढे जास्तीत जास्त होळीपर्यंत, आणि होळी पेटली की सुरी बंद. जर्मनीत यासाठी तारीखच ठरलेली आहे, २४ जून, त्यानंतर कोंब काढत नाहीत, कारण पुढच्या वर्षीचा साठा भरायला झाडाला उरलेला उन्हाळा लागतो. आपली होळी त्याच कामाची.

होळीनंतर प्रत्येक झाडाचे चार-पाच चांगले जाड दांडे वाढू द्या. थायलंड-तैवानकडे असे मोजके दांडे कायम राखतात आणि बाजूला येणारे नवे कोंब काढत राहतात. आईचे दांडे म्हणा हवं तर. तुम्हालाही जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत अधूनमधून चार कोंब असे मिळतील. ते जरूर खा, हावरटपणा नको.

दोन गोष्टींची अपेक्षा आत्ताच सोडा. एक, जर्मनीत खाल्लंत तसं अंगठ्याएवढं जाड. इथल्या गरम रात्रींत झाड जमवलेल्यातलं बरंच स्वतःच खर्च करतं, कोंब सडपातळच येणार; आणि थंड देशात १५-२० वर्षं चालणारं झाड इथे तेवढी साथ देत नाही. दुसरं, पांढरा रंग. ती वेगळी जात नव्हे, तेच झाड मातीच्या ढिगाखाली उजेडापासून लपवून वाढवतात. आपल्या तापलेल्या मातीत हा खटाटोप करू नये असं माझं मत. हिरवं जास्त चवदार असतं, मुलगा काहीही म्हणो.

पुढच्या पावसाळ्यापर्यंत काही झाडांना बारीक हिरवट फुलं येतील आणि मग लाल मण्यांसारखी फळं. ती मादी झाडं. नर झाडांना फळांचा खर्च नसतो, म्हणून ती कोंब जास्त देतात. पण तुमच्याकडे आठच आहेत, मादी उपटत बसू नका. फळं मात्र हिरवी असतानाच खुडून टाका. ती विषारी असतात, आणि नातवंडं आली की पहिला हात लाल मण्यांवरच जातो.

पाकीट आणलंत ते आणलंत, पण पुढच्या वेळी नको. परदेशातून बी आणायला २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाप्रमाणे परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो, आणि ते योग्यच आहे. पिकांचे कितीतरी रोग असेच पाकिटांतून देशोदेशी फिरले. आणखी रोपं हवी असतील तर इथेच मेरी वॉशिंग्टन ही जुनी जात किंवा कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठातली, उष्ण भागांत लावली जाणारी यूसी १५७ शोधा. बी २४ तास भिजवून लावा, उगवायला तीन आठवडे सहज घेतं.

कापल्यापासून कोंबातली गोडी तासातासाला उतरते, म्हणून चुलीवर तवा ठेवूनच कापायला जा. खालचा दीड इंच सोला, तेलावर तीन-चार मिनिटं परता, मीठ घाला, वरून शेंगा चटणी भुरभुरवा आणि कडक भाकरीबरोबर खा. लोण्या-अंड्याच्या सॉसची आठवणही येणार नाही.

आणि हो, खाल्ल्यावर तासाभराने लघवीला एक चमत्कारिक, उकडलेल्या कोबीसारखा वास येईल. सगळ्यांना येत नाही, आणि आला तरी सगळ्यांना तो कळत नाही. आमच्या ह्यांना कळला होता. मला न सांगता ते तपासणी करून आले आणि रिपोर्ट नॉर्मल आल्यावर मग हळूच विचारलं, काल भाजी कसली होती?